उघडी क्वांटम साखळी आणि वहीत सुटणारी मॉडेल्स

कयाधूकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथं पाऊसपाणी, सोयाबीनचे भाव आणि भरती परीक्षा यांवर रोज धागे निघतात, भौतिकशास्त्रावर क्वचितच. मी हिंगोली जिल्ह्यात एका महाविद्यालयात शिकवतो. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षापासून एका विषयानं मला धरून ठेवलंय. तो आपल्या भाषेत, आपल्या माणसांसमोर मांडायचं फार दिवस मनात होतं. धागा लांबेल. सवडीनं वाचा.

सुरुवात माठापासून करतो. मातीचा माठ पाणी गार करतो, कारण पाणी झिरपतं, वाऱ्यावर उडून जातं आणि जाताना आतली उष्णता नेतं. त्याच माठाला बाहेरून ऑइलपेंट फासला की मे महिन्यात आतलं पाणी कोमट लागतं. माठाचं सगळं काम बाहेरच्या हवेशी असलेल्या देवाणघेवाणीवर चालतं. बी.एस्सी.ला आपण जी क्वांटम मेकॅनिक्स शिकवतो ती मात्र रंग फासलेल्या माठाची असते. श्रोडिंजरचं समीकरण मांडलं, ऊर्जा कायम राहते, काही गळत नाही, काही आत येत नाही. खऱ्या जगातला अणू तसा एकटा बसलेला नसतो. त्याच्यावर प्रकाश पडतो, शेजारचे अणू हलतात, मोजणारं यंत्र त्याला टोचत राहतं. अशा देवाणघेवाण करणाऱ्या व्यवस्थेला ओपन क्वांटम सिस्टिम म्हणतात. मी तिला उघडी व्यवस्था म्हणेन.

उघड्या व्यवस्थेचं समीकरण १९७६ साली दोन ठिकाणी स्वतंत्रपणे निघालं. एकीकडे स्वीडनचे गोरान लिंडब्लाड, दुसरीकडे गोरिनी, कोसाकोव्स्की आणि आपले ई. सी. जी. सुदर्शन हे तिघं. सुदर्शन मूळचे केरळातल्या कोट्टायम भागातले. बोलताना सगळे नुसतं 'लिंडब्लाड समीकरण' म्हणतात. मी वर्गात चारही नावं फळ्यावर लिहितो.

समीकरण हाती आहे, मग अडतं कुठं? आकारात. स्पिन म्हणजे अणूचं इवलंसं चुंबकत्व, ते वर किंवा खाली, दोन शक्यता. n स्पिन असले की २ चा n वा घात. हे बंद व्यवस्थेचं झालं. उघड्या व्यवस्थेत स्थिती सांगायला डेन्सिटी मॅट्रिक्स, म्हणजे संभाव्यतांचा चौकोनी तक्ता लागतो, त्यात ४ चा n वा घात इतक्या नोंदी. आणि ते मॅट्रिक्स काळाबरोबर कसं बदलतं हे सांगणारं मोठं मॅट्रिक्स म्हणजे या संख्येचा पुन्हा वर्ग. ७ स्पिनला २६ कोटी ८४ लाख नोंदी होतात. प्रत्येक नोंदीला १६ बाइट धरले तर ४ जीबी. ८ स्पिनला ६४ जीबी. १० स्पिनला १६ टेराबाइटच्या वर. आठवा स्पिन जोडला आणि माझा लॅपटॉप संपला, हे मी अनुभवानं सांगतोय.

त्या काळातली एक चूक सांगतो, कारण धाग्याचं कारण तीच आहे. मी हायझेनबर्ग साखळी घेतली होती, म्हणजे एका ओळीतले स्पिन, प्रत्येक आपल्या शेजाऱ्याशी बांधलेला. एका टोकाला असा स्रोत जो स्पिन वर ढकलतो, दुसऱ्या टोकाला असा निचरा जो खाली ढकलतो. मधून किती प्रवाह वाहतो ते मोजायचं. ४, ५, ६, ७ स्पिनची उत्तरं काढली, चार ठिपक्यांमधून रेघ ओढली आणि सेमिनारमध्ये ठामपणे सांगितलं की प्रवाह लांबीच्या व्यस्त प्रमाणात घटतो, म्हणजे हा ओमचाच नियम. कुणी हरकत घेतली नाही. दोन महिन्यांनी आर्काइव्ह या शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर स्लोव्हेनियातल्या लुब्लियाना इथल्या तोमाझ प्रोसेन यांचे २०११ चे दोन शोधनिबंध वाचले. तीच साखळी, टोकांना पूर्ण जोरानं ढकललेली, त्यांनी कागदावर नेमकी सोडवली होती, हव्या त्या लांबीसाठी. प्रवाह लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. लांबी दुप्पट केली की प्रवाह चौथाई. ओमच्या नियमाशी याचा संबंध नाही. माझे चार ठिपके खरे होते, त्यांतून काढलेली रेघ खोटी होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चुकलो म्हणून नव्हे. इतक्या गुंतागुंतीच्या गोष्टीला नेमकं उत्तर असतं आणि ते वहीत मावतं, याचा तो धक्का होता.

प्रोसेन यांच्या निकालात एक आकडा आहे, त्याला डेल्टा म्हणतात. शेजारच्या स्पिनचं उभ्या दिशेतलं नातं किती पक्कं आहे ते तो सांगतो. डेल्टा १ पेक्षा कमी असेल तर साखळी कितीही लांब असो, प्रवाह घटत नाही. बरोबर १ असेल तर वर सांगितलेला वर्गाचा नियम. १ पेक्षा जास्त असेल तर प्रवाह इतक्या झपाट्यानं मरतो की लांब साखळी जवळजवळ कुलूपबंद. एकाच मॉडेलमध्ये तीन वेगळी जगं आहेत आणि त्यांच्यातली सीमा बरोबर १ वर. ती सीमा कुठल्याही संगणकाच्या आकड्यांतून इतकी स्वच्छ दिसत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही नेमकी सुटणारी मॉडेल्स म्हणजे खेळणी नाहीत. बाकीची गणितं ज्या मापाशी ताडून बघायची ते माप तिथं मिळतं. आणि हे काम करायला महासंगणक लागत नाही. वही लागते, आर्काइव्ह फुकट आहे, आणि बोलायला चार माणसं लागतात. तिसऱ्या गोष्टीसाठी हा धागा.

गोदाकाठची_लेक

सर नमस्कार, मी नांदेडला एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. डेन्सिटी मॅट्रिक्स शिकवलंय, पण लिंडब्लाड समीकरण अभ्यासक्रमात नाही. पुस्तकात बघितलं तर एल आणि एल-डॅगर या मॅट्रिक्सची रांगच रांग आहे. त्यातल्या तीन पदांपैकी शेवटची दोन कशासाठी आहेत, हे साध्या शब्दांत सांगाल का?

कयाधूकाठ

ताई, छान प्रश्न. एकच स्पिन घेऊ. वर असेल तर गॅमा या दरानं तो खाली पडतो. पहिलं पद म्हणजे प्रत्यक्ष उडी, वरचा खाली आला. पण उडी पडली नाही तेव्हाही काहीतरी घडतंच. बराच वेळ उडी दिसली नाही, की स्पिन खालीच असावा असा आपला अंदाज बळावतो. शेवटची दोन पदं या 'न पडलेल्या उडी'ची आहेत. तिन्ही मिळून एकूण संभाव्यता १ राहते, काही सांडत नाही.

हातानं करून बघा. वर असण्याची संभाव्यता गॅमा दरानं घटते. कर्णाबाहेरची जी नोंद असते, म्हणजे स्पिन एकाच वेळी वर आणि खाली असण्याची खूण, ती त्याच्या निम्म्या दरानं घटते. पहिल्या पदाचा तिथं वाटा शून्य आहे. शेवटच्या दोन पदांतल्या अर्ध्याअर्ध्या वाट्यातून एकालाच गॅमा सापडतो, म्हणून निम्मा. प्रयोगशाळेत टी-टू (ही खूण टिकण्याचा काळ) जास्तीत जास्त टी-वनच्या (वरचा खाली पडण्याच्या काळाच्या) दुप्पट असतो असं म्हणतात, ते इथून येतं. दोन गुणिले दोनची मॅट्रिक्स आहेत, अर्ध्या पानाचं काम.

आता वर ढकलणारी उडीही जोडा, वेगळ्या दरानं. शेवटी स्थिर अवस्थेत वर असण्याची संभाव्यता म्हणजे वर ढकलण्याचा दर भागिले दोन्ही दरांची बेरीज. हे पहिलं नेमकं सुटलेलं उघडं मॉडेल समजा.

निवृत्त_पाटकरी

सर, मी दहावी शिकलेला माणूस. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर नोकरी काढली. लेकरू एम.एस्सी. करायलंय, त्यानं हा धागा दाखवला म्हणून वाचायलो. तुम्ही १९७६ म्हणालात आणि मला धरणाचं उद्घाटन आठवलं, ते बी १९७६ चंच.

सगळं नाही कळलं. पण तुमची साखळी मला पाटासारखी दिसायली. हेडला सोडायचं, टेलला काढायचं. आमचा कालवा २०८ किलोमीटरचा. आवर्तन सुटलं की हेडचे लोक म्हणायचे पाणी तुंबलं आणि टेलचे म्हणायचे घसा कोरडा. लांबी वाढली की टेलला कमी पोचतं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. माझा सवाल येगळा आहे. तुम्ही 'पूर्ण जोरानं ढकललं' म्हणालात. मंग जोर कमी केला तर काय होतं? आमच्याकडं जोर वाढवला तर टेलला जास्त पोचायचं, पाट फुटला नाही तर.

कयाधूकाठ

काका, तुमच्या प्रश्नात या विषयाचं मर्म आहे. उत्तर ऐकून तुम्हाला नवल वाटेल.

डेल्टा बरोबर १ असलेल्या साखळीत टोकांना हलकंच ढकललं तर प्रवाह लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. लांबी चौपट झाली तर प्रवाह निम्मा. लुब्लियानाचेच मार्को झ्निदारिच यांनी २०११ मध्ये हे संगणकावर दाखवलं. आणि पूर्ण जोरानं ढकललं तर लांबीच्या वर्गाचा नियम लागतो, लांबी चौपट की प्रवाह सोळावा हिस्सा. म्हणजे लांब साखळीत जोर जास्त तिथं प्रवाह कमी.

ढोबळ कारण असं. स्पिनचा प्रवाह म्हणजे शेजारच्या दोन उलट स्पिननी जागा बदलणं. वर-वर अशी जोडी असेल तर बदलायला काही नाही. खूप जोर लावला की स्रोताजवळचे सगळे वर होतात, निचऱ्याजवळचे सगळे खाली, आणि दोन्ही टोकांशी साखळी ठप्प होते. प्रोसेन यांच्या उत्तरात साखळीभर स्पिनची पातळी कोसाइनच्या वळणानं उतरते. शाळेतला कोसाइन आठवा, सुरुवातीला सपाट, मध्ये उतार, शेवटी पुन्हा सपाट. उतार नाही तिथं वाहणार काय? तुमच्या पाटाच्या भाषेत, हेडला पाणी काठोकाठ पण वेग नाही.

निवृत्त_पाटकरी

आता कळलं. गेटच्या तोंडाशी गाळ बसला की असंच होतं. पाणी दिसतं, चालत नाही.

मॅट्रिक्सवाला_परभणी

सरांचा आदर ठेवून थोडं वेगळं म्हणतो. मी संगणकाच्या बाजूचा आहे. ४ जीबी, ६४ जीबी हा हिशोब सगळं मॅट्रिक्स साठवायचं ठरवलं तरच खरा. त्यातल्या बहुतेक नोंदी शून्य असतात, त्या साठवायच्याच नाहीत. शिवाय १९९२ पासून क्वांटम ट्रॅजेक्टरीची पद्धत आहे, दालिबार, कास्तँ आणि म्योल्मर यांची. डेन्सिटी मॅट्रिक्सऐवजी एकेक वेव्हफंक्शन घेऊन यादृच्छिक उड्या मारायच्या आणि शेवटी सरासरी काढायची. १५ स्पिन आरामात होतात. टेन्सर नेटवर्कनं, म्हणजे मोठी स्थिती छोट्या मॅट्रिक्सच्या माळेत साठवून, तर शंभराच्या पुढं जाता येतं. झ्निदारिच यांचा निकालही तसाच मिळालाय, तुम्हीच वर लिहिलंय. मग नेमक्या मॉडेल्सचा एवढा आग्रह का? अशी मॉडेल्स मोजकीच आहेत. निसर्ग आपल्या सोयीचं मॉडेल निवडत नाही.

कयाधूकाठ

दादा, तुमचा पहिला मुद्दा मला मान्य आहे. माझा तेव्हाचा हिशोब नवख्याचा होता. मोजकीच आहेत हेही खरं. आग्रहाची दोन कारणं सांगतो.

एक, टेन्सर नेटवर्कमध्ये आपण गुंतागुंत कुठंतरी कापतो. कापलं ते नगण्य होतं की नाही हे कशावरून ठरवायचं? ज्या मॉडेलचं उत्तर कागदावर ठाऊक आहे त्यावर प्रोग्राम चालवून. तुम्हीही तेच करत असाल.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो. उघड्या साखळीच्या नेमक्या उत्तरानं बंद साखळीचं जुनं कोडं सोडवलं. हायझेनबर्ग साखळीचं मॉडेल १९२८ चं. हान्स बेथे यांनी १९३१ मध्ये ती नेमकी सोडवली, टोकांना काहीही न जोडता. तरीही एक प्रश्न कित्येक वर्षं लोंबकळत होता. डेल्टा १ पेक्षा कमी असताना, तापमान खूप जास्त असताना, स्पिनचा प्रवाह एकदा सुरू झाला तर तो पूर्ण विरतो की त्याचा काही भाग कायम उरतो? कायम उरायचा असेल तर प्रवाहाशी नातं असलेली एखादी अक्षय, म्हणजे काळाबरोबर न बदलणारी, राशी हवी. बेथेच्या साखळीत अशा राशी ढीगभर आहेत. पण ज्या माहीत होत्या त्या सगळ्या, वरचे स्पिन खाली आणि खालचे वर केले तरी, जशाच्या तशा राहतात. प्रवाहाची मात्र अशा उलथापालथीत दिशा पालटते. म्हणून त्या राशींचा प्रवाहाशी मेळ शून्य. संगणकाची उत्तरं येत होती, पण छोट्या साखळीवरून ठामपणे सांगणार कोण?

प्रोसेन यांनी उघड्या साखळीची स्थिर अवस्था लिहिली, टोकांना अगदी हलकं ढकलून. त्या उत्तरातून एक नवीन राशी बाहेर पडली. तीसुद्धा जवळपास अक्षय आहे, पण उलथापालथीत प्रवाहासारखीच पालटते. मेळ शून्य नाही. प्रवाहाचा काही भाग कायम उरतो हे सिद्ध झालं. कित्येक वर्षं बंद दारामागं शोधलेली वस्तू दार उघडल्यावर सापडली. संगणक 'किती' ते सांगतो. ती राशी कुठली आणि कशी दिसते, हे या वहीतल्या उत्तरानं सांगितलं.

मॅट्रिक्सवाला_परभणी

हे मला ठाऊक नव्हतं. तो शोधनिबंध आजच उतरवून घेतो. प्रोग्राम तपासायला मी टोकांशी जोडलेली एक्सएक्स साखळी, म्हणजे डेल्टा शून्य असलेली, वापरतो. ती फर्मिऑनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या कणांच्या, भाषेत वर्गपदांची होते. प्रोसेन यांचीच २००८ ची थर्ड क्वांटायझेशनची पद्धत लावली की १०० स्पिनला ४०० गुणिले ४०० च्या मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू काढल्या की झालं. ४ चा १०० वा घात कुठं आणि ४०० कुठं! साध्या लॅपटॉपवर क्षणात होतं.

कयाधूकाठ

आणि त्याच एक्सएक्स साखळीत प्रत्येक जागी डिफेझिंग, म्हणजे कर्णाबाहेरच्या नोंदी पुसणारा खडखडाट, जोडला तर पातळीची रेघ सरळ उतरती होते आणि प्रवाह लांबीच्या व्यस्त प्रमाणात. २०१० मध्ये झ्निदारिच यांनी हे नेमकं सोडवलं. मला सात स्पिनमध्ये जो ओमचा नियम दिसल्यासारखा वाटला होता, तो खरोखर इथं आहे.

पुढची गंमत २०१६ ची. मेदवेद्येवा, एस्लर आणि प्रोसेन यांच्या लक्षात आलं की डेन्सिटी मॅट्रिक्सच्या नोंदीला दोन पत्ते असतात, ओळीचा आणि स्तंभाचा. ते दोन पत्ते म्हणजे जणू दोन प्रकारचे इलेक्ट्रॉन. डिफेझिंग म्हणजे त्या दोघांमधलं आकर्षण-प्रतिकर्षण. हिशोब हबर्ड मॉडेलवर, म्हणजे जागोजागी उड्या मारत एकमेकांना ढकलणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या मॉडेलवर, येऊन बसतो, फक्त परस्परक्रियेचा आकडा काल्पनिक, म्हणजे वर्गमूळ उणे एकवाला. हबर्ड मॉडेल एका मितीत लीब आणि वू यांनी १९६८ मध्ये सोडवून ठेवलेलंच होतं. त्या मॉडेलमागचं यांग-बॅक्स्टरचं नातं, म्हणजे नेमकं उत्तर शक्य करणारी अट, १९८६ मध्ये श्रीराम शास्त्री यांनी उलगडलं. आपल्या देशात नेमक्या मॉडेल्सची परंपरा मोठी आहे. मजुमदार-घोष साखळी १९६९ ची. दीपक धर यांनी वाळूच्या ढिगाचं मॉडेल १९९० मध्ये नेमकं सोडवलं आणि २०२२ चं सांख्यिकी भौतिकीतलं बोल्ट्झमान पदक त्यांना मिळालं, हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

गोदाकाठची_लेक

सर, मला आत्ता, या आठवड्यात, वहीत करता येईल असं काहीतरी द्या. हबर्डपर्यंत पोचायला मला वर्ष लागेल.

कयाधूकाठ

देतो. हे क्वांटम नाही, साध्या संभाव्यतेचं आहे. पण प्रोसेन यांची रीत याच घराण्यातली.

माजलगावकडं गाळप हंगामात कारखान्याबाहेर ऊसाच्या बैलगाड्यांची रांग बघितली असेल. एकेरी रस्ता, ओव्हरटेक नाही. पुढची जागा रिकामी असेल तरच गाडी सरकते, मागं कधीच येत नाही. रांगेच्या शेपटाशी आल्फा दरानं नवी गाडी शिरते, वजनकाट्यावर बीटा दरानं गाडी बाहेर पडते. याला टॅसेप म्हणतात. मॅकडोनाल्ड, गिब्ज आणि पिपकिन यांनी १९६८ मध्ये पेशीतल्या रायबोसोमच्या हालचालीसाठी ते मांडलं. १९९३ मध्ये देरिदा, इव्हान्स, हकीम आणि पास्किये यांनी ते फार देखण्या युक्तीनं सोडवलं.

युक्ती अशी. शेपटाकडून काट्याकडं वाचत जायचं. गाडी असलेल्या जागी 'डी' लिहायचं, रिकाम्या जागी 'ई'. शेजारी 'डीई' दिसलं की त्याच्या जागी 'डी अधिक ई'. सगळ्यात डावीकडं 'ई' असेल तर ते पुसून १ भागिले आल्फा, सगळ्यात उजवीकडं 'डी' असेल तर ते पुसून १ भागिले बीटा. जो आकडा उरतो ते त्या रांगेचं वजन. प्रत्येक वजनाला सगळ्या वजनांच्या बेरजेनं भागलं की संभाव्यता.

आल्फा आणि बीटा दोन्ही १ धरा. आधी २ जागा करा, मग ३.

गोदाकाठची_लेक

२ जागांचं केलं. दोन्ही रिकाम्या: १. दोन्ही भरलेल्या: १. मागची रिकामी, पुढची भरलेली: १. मागची भरलेली, पुढची रिकामी: 'डीई', म्हणजे डी अधिक ई, म्हणजे २. बेरीज ५.

मग ही युक्ती न वापरता, आत येणं आणि बाहेर जाणं यांची चार समीकरणं मांडून ताडलं. तंतोतंत जुळलं! काट्याजवळची जागा भरलेली असण्याची संभाव्यता ५ पैकी २, म्हणजे प्रवाह २/५.

३ जागांची बेरीज माझी १३ येतेय. कुठं चुकतंय?

मॅट्रिक्सवाला_परभणी

१४ यायला हवी. 'डीडीई' परत बघा. 'डी' गुणिले 'डी अधिक ई' केल्यावर 'डीडी' आणि 'डीई' असे दोन तुकडे पडतात. पहिल्याचे १, दुसऱ्याचे २. तुम्ही पहिला सोडला असावा.

गोदाकाठची_लेक

हो दादा, तेच. 'डीडीई' ३. आता १४. धन्यवाद.

आजेगावकर

शांतपणे वाचत होतो. सर, औंढा नागनाथला लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होतंय, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. आमच्या गावात त्याचीच चर्चा. तुमच्या या विषयाचा तिथं काही उपयोग?

कयाधूकाठ

दादा, थेट साखळ्यांचा नाही. उघड्या व्यवस्थेचा मात्र आहे. लायगोच्या ४ किलोमीटरच्या बाहूंमधला प्रकाश स्वतः क्वांटम खडखड करतो. ती कमी करायला अमेरिकेतल्या दोन्ही लायगोंमध्ये २०१९ पासून 'स्क्वीझ्ड', म्हणजे एका बाजूनं खडखड दाबलेला, प्रकाश सोडतात. आरशांवर, जोडांवर जरा प्रकाश गळला की ती किमया फिकी पडते, आणि गळतीचा हा हिशोब उघड्या व्यवस्थेच्या गणितानंच होतो. हा भाग एका मोडपुरता नेमका सुटतो, एम.एस्सी.ची मुलं करू शकतात.

निवृत्त_पाटकरी

सर, अजून एक इचारतो. हे सगळं कागदावरचं झालं. कुणी डोळ्यानं बघितलंय का? आमच्या खात्यात कागदावर टेलला पाणी दरवर्षी पोचायचं.

कयाधूकाठ

काका, बघितलंय. डेल्टा बरोबर १ असलेल्या साखळीत, हलक्या ढकलण्यात, प्रवाह लांबीच्या वर्गमुळानं घटतो असं मी वर लिहिलं, म्हणजे लांब साखळीत ओमच्या नियमापेक्षा जास्त वाहतो. पोटॅशियम-कॉपर-फ्लोराइडच्या स्फटिकात तांब्याचे अणू अशाच साखळ्या धरून असतात. २०२१ मध्ये त्यावर न्यूट्रॉन सोडून बघितलं आणि ओमच्या नियमात न बसणारी तीच चाल सापडली. २०२२ मध्ये जर्मनीत थंड केलेल्या रुबिडियमच्या अणूंची साखळी मांडून, एकेक अणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजून पुन्हा तेच दिसलं. पूर्ण जोरवाल्या वर्गाच्या नियमाचा भरवसा मात्र गणिताच्या सिद्धतेवर आहे, तिथं अंदाजाला जागाच नाही.

मॅट्रिक्सवाला_परभणी

टॅसेपचं मीही करत बसलो. आल्फा, बीटा १ असताना बेरजा १, २, ५, १४, ४२ अशा जातात, म्हणजे कॅटलानच्या संख्या. प्रवाह म्हणजे आधीची बेरीज भागिले नंतरची. n जागांना n अधिक २ भागिले ४n अधिक २. १ जागेला १/२, २ ला २/५, ३ ला ५/१४. ७ जागांना बरोबर ०.३. १०० जागांना ०.२५३७. अनंत लांबीला ०.२५.

सर, तुमच्या सेमिनारची गोष्ट आता नीट कळली. ७ जागांपर्यंतच बघितलं असतं तर 'प्रवाह ०.३ च्या खाली जाताना दिसत नाही' असं मीही छातीठोकपणे लिहिलं असतं.

कयाधूकाठ

अगदी हेच. आणि ०.२५ हा आकडा कारखान्याच्या दारात उभं राहून कुणालाही पटेल. निम्म्या जागा भरलेल्या असल्या की निम्म्या संधींना गाडी हजर असते, त्यातल्या निम्म्या वेळा पुढं जागा रिकामी. शेपटाशी कितीही घाई केली, काटा कितीही चपळ केला तरी लांब एकेरी रांग त्याहून जास्त देत नाही.

ताई, पुढचा प्रश्न तुमच्यासाठी. 'डी' आणि 'ई' हे साधे आकडे असू शकतात का? कधी असू शकतात? नसतील तर किती मोठी मॅट्रिक्स लागतील?

गोदाकाठची_लेक

दोन दिवस उशीर झाला, लायब्ररी बंद होती.

डी म्हणजे १ भागिले बीटा, ई म्हणजे १ भागिले आल्फा असे नुसते आकडे धरले. मग 'डीई बरोबर डी अधिक ई' यातून आल्फा अधिक बीटा बरोबर १ येतं. म्हणजे तेवढ्याच रेषेवर आकडे चालतात, आणि तिथं प्रत्येक जागा बाकीच्यांची पर्वा न करता भरते. बाकी सगळीकडं ठरावीक आकाराचं कुठलंही मॅट्रिक्स पुरत नाही, अनंत लागतं. ते मी अजून सिद्ध करू शकले नाही, पण वाट दिसतेय. 'डीई बरोबर डी अधिक ई' म्हणजे (डी वजा १) गुणिले (ई वजा १) बरोबर १. आकार मर्यादित असता तर हे दोन एकमेकांचे व्यस्त झाले असते, मग क्रम उलटला तरी चाललं असतं, म्हणजे डीई आणि ईडी एकच झाले असते. पण २ जागांत एकाचं वजन २ आणि दुसऱ्याचं १ आलं होतं.

सर, प्रोसेन यांच्या साखळीतली मॅट्रिक्सही अनंतच आहेत का?

कयाधूकाठ

ताई, तुमची सिद्धता पूर्ण झालीये. शेवटची ओळ परत वाचा.

आणि हो, तिथंही अनंतच. आज रात्री डेल्टा बरोबर १ साठीची पहिली काही पदं लिहून टाकतो. वही जवळ ठेवा.